बारा जुने संगणक आणि आपण

(माजी विद्यार्थी मेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आणि विषय माझ्यावर सोपवला. जेवणानंतर आपल्यासमोर एक ठराव येणार आहे : शाळेच्या संगणक कक्षासाठी निधी. त्या ठरावावर हात वर करण्याआधी काही गोष्टी तुमच्या कानावर घालाव्यात म्हणून हाच विषय घेतला आहे. गेली वीसेक वर्षं मी पुण्यात राहून नोकरीबरोबर संगणकावरच्या मराठीचं काम हौसेनं करत आलो. त्यामुळे बोलण्याचा थोडाफार अधिकार आहे असं समजा.

आपल्या शाळेत बारा संगणक आहेत. सगळे चालू स्थितीत आहेत, पण दिवाळीपासून खोली बंद आहे. कारण साधं आहे. त्या यंत्रांवर विंडोज १० आहे आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला तिची नेहमीची सुरक्षा-देखभाल थांबली. काही अटींवर वाढीव मुदत मिळते, पण ती मुदतच. विंडोज ११ या यंत्रांवर बसत नाही, कारण तिला लागणारा प्रोसेसर आणि सुरक्षेची चिप जुन्या यंत्रांत नाही. म्हणजे यंत्र धडधाकट आहे, आणि तरी त्याला निवृत्त करा असा निरोप आला आहे. आपल्या ठरावात बारा नवे संगणक घेण्याचा प्रस्ताव आहे. माझा प्रस्ताव वेगळा आहे. या बाराही यंत्रांना आपण लिनक्सवर आणू. मात्र माझी एक अट आहे, आणि आजचं भाषण त्या अटीबद्दलच आहे.

आधी थोडक्यात ओळख करून देतो, कारण इथे शेतकरी आहेत, डॉक्टर आहेत, गृहिणी आहेत आणि कापसाचे व्यापारीही आहेत. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाचा कारभारी. तुम्ही कळ दाबली, ती कुणापर्यंत पोचवायची, छपाई कुठे पाठवायची, फाईल कुठे ठेवायची, हे सगळं तो पाहतो. काही कारभाऱ्यांची वही बंद असते. ती फक्त मालक उघडतो. ओपन सोर्स म्हणजे ज्याची वही कुणालाही वाचता येते, दुरुस्त करता येते, आणि दुरुस्त केलेली प्रत दुसऱ्याला देता येते. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली अशा प्रणालीची घोषणा केली. फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं ऑगस्ट १९९१ मध्ये आपण एक प्रणाली लिहीत असल्याचं जगाला कळवलं. तेव्हा आमच्या तुकडीच्या दहावीच्या निकालाला जेमतेम दोन महिने झाले होते. आमच्यापेक्षा लिनक्स पुढे गेलं, हे मान्य करायला हवं.

पण पुढे गेलं ते कुठे? इंटरनेट चालवणाऱ्या मोठ्या यंत्रांवर आणि प्रयोगशाळांत. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या गाभ्यातही लिनक्सच आहे. फक्त घरातल्या आणि शाळेतल्या टेबलावर ते फारसं पोचलं नाही. फुकट असूनही पोचलं नाही. असं का झालं, हा प्रश्न आपल्याला विचारला पाहिजे.

याचं उत्तर शोधायला मी तुम्हाला फार लांब नेत नाही. सेवाग्राम इथून सायकलवर गाठता येतं, आणि मगनवाडीतलं मगन संग्रहालय तर आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेच्या सहलीत पाहिलं आहे. १९३८ साली ते उघडलं. तिथले चरखे आठवा. १९२९ साली गांधीजींच्या प्रेरणेनं अखिल भारतीय चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. त्या काळचे एक लाख. त्या बक्षिसाच्या अटी आजच्या संगणकवाल्यांनी भिंतीवर लावाव्यात अशा आहेत. चरखा वजनाला हलका हवा, आणि साध्या झोपडीत हातानं किंवा पायानं चालवता आला पाहिजे. सामान्य ताकदीच्या बाईला तो फार न थकता आठ तास चालवता आला पाहिजे. तेवढ्या वेळात त्यावर सोळा हजार फूट सूत निघालं पाहिजे. किंमत दीडशे रुपयांच्या वर नको. वीस वर्षं चालला पाहिजे, आणि वर्षाची दुरुस्ती किमतीच्या पाच टक्क्यांच्या आत बसली पाहिजे. शेवटची अट तर बघा : बक्षीस हवं असेल तर शोधकानं पेटंटचे हक्क संघाच्या स्वाधीन करायचे.

या अटींत यंत्र किती हुशार आहे, याची चौकशी फारशी नाही. चौकशी आहे ती चालवणाऱ्या बाईची. ती थकेल का, तिच्या झोपडीत ते मावेल का, बिघडलं तर दुरुस्ती तिला परवडेल का. ते बक्षीस शेवटी कुणालाच मिळालं नाही. सगळ्या अटी एकदम पुऱ्या करणं किती अवघड होतं, ते यावरून कळतं. पण मोजपट्टी बरोबर होती. लिनक्सवाल्यांकडे हक्क मोकळे सोडण्याची शेवटची अट पहिल्या दिवसापासून पुरी होती. झोपडीतल्या बाईची अट मात्र बरीच वर्षं कुणी नीट वाचलीच नाही.

नव्वदच्या दशकात लिनक्स बसवायचं म्हणजे डिस्कचे तुकडे कसे पाडायचे ते ठरवायचं, काळ्या पडद्यावर इंग्रजी आज्ञा टंकायच्या, आणि मोडेम चालला नाही तर आठवडाभर डोकं धरून बसायचं. लिहिणारे अभियंते होते, वापरणारेही अभियंतेच होते. त्यांना हे अवघड वाटत नव्हतं. मग पायऱ्या एकेक करून खाली उतरल्या. २००० साली नॉपिक्स आलं. सीडी घातली की संगणक त्या सीडीवरूनच चालू होई, आतल्या डिस्कला हात न लावता. सीडी काढली की सगळं पूर्ववत. ‘बिघडेल’ ही भीती यानं गेली. ऑक्टोबर २००४ मध्ये उबुंटू आलं. पत्ता कळवला की त्याची सीडी टपालानं घरी यायची, एक पैसाही न घेता. २०११ पर्यंत ही सोय होती. आपल्याकडे इंटरनेट मुंगीच्या पावलानं चालत असे, त्या काळात या पाकिटांचं मोल फार होतं. २००६ पासून लिनक्स मिंट आलं, ते विंडोजची सवय असलेल्या माणसाला बुजल्यासारखं होऊ देत नाही. डाव्या कोपऱ्यात मेनू, खाली पट्टी, उजवीकडे घड्याळ. आता सीडीही नको. एका पेन ड्राइव्हवरून चालवून बघायचं, आवडलं तर ठेवायचं.

आपल्यासाठी सगळ्यात मोठी पायरी होती ती भाषेची. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण हे माझं काम. एकेकाळी संगणकावर मराठी दिसायची, पण ती मराठी नसायची. आत इंग्रजी अक्षरंच असत, फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवी. दुसऱ्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसला की तुमच्या लग्नपत्रिकेचा मजकूर म्हणजे इंग्रजी अक्षरांची खिचडी. युनिकोड आल्यावर प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक मिळाला. तरी मराठीच्या खास अडचणी उरल्याच. ‘वऱ्हाड’ हा शब्द घ्या. यातला ‘ऱ्ह’ हिंदीला लागत नाही. तो नीट लिहिता आला नाही तर रफार ‘ह’च्या डोक्यावर जाऊन बसतो आणि वऱ्हाडाचं भलतंच काहीतरी होतं. इनस्क्रिप्ट कळफलकावर ‘र’च्या कळीवर शिफ्ट धरलं की नुक्त्याचा ‘ऱ’ येतो, पुढे हलन्त आणि मग ‘ह’, की ‘ऱ्ह’ तयार. कळ होतीच, पण पडद्यानं तो आकार बरोबर काढायला हवा होता. ‘ॲप’मधला ‘ॲ’ युनिकोडमध्ये थेट २००८ साली आला, तोपर्यंत ‘अ’वर चंद्र ठेवून भागवावं लागे. मराठी ‘ल’ आणि ‘श’ हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे. पहिलीच्या मुलाला पुस्तकात एक ‘ल’ आणि पडद्यावर दुसरा ‘ल’ दिसला तर तो कुणावर विश्वास ठेवील? ओपन सोर्समध्ये अशा गोष्टी दुरुस्त करायला कुणाची परवानगी मागत बसावं लागलं नाही. ‘लोहित’ हे भारतीय भाषांचे मोकळे फॉन्ट रेड हॅट कंपनीनं खुले केले, आणि त्यावर पुण्यात बसून माणसांनी अशा एकेका वळणासाठी काम केलं.

मग शब्दांचा प्रश्न. मेनूतला प्रत्येक शब्द मराठीत आणायचा म्हणजे हजारो ओळी. ‘सेव्ह’ला ‘जतन करा’ की ‘साठवा’? ‘फाईल’ला ‘धारिका’ म्हणायचं की ‘फाईल’च ठेवायची? एकदा एका बचत गटाच्या हिशेबनीस ताईंना मी मराठीतला संगणक दाखवत होतो. पडद्यावर ‘निर्गमन’ असं लिहिलेलं होतं. त्या म्हणाल्या, “भाऊ, हे दाबलं तर काय जाईल माझं?” पुढच्या आवृत्तीत तिथे ‘बाहेर पडा’ आलं आणि त्यांना पुन्हा विचारावं लागलं नाही. सोपं करणं म्हणजे काय, याची माझी व्याख्या त्या ताईंनी दिली. ज्या बटणाची भीती वाटत नाही, ते सोपं.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक आहे, पण सामान्य माणसं खरंच हे वापरतात का? तीन उदाहरणं देतो.

पहिलं आपल्याच राज्यातलं. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळ खैराट नावाची छोटी वाडी आहे. २००७ साली तिथल्या प्राथमिक शाळेत मुलांना छोटे हिरवे-पांढरे लॅपटॉप मिळाले. प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप या जागतिक योजनेचा तो भारतातला पहिला प्रयोग. आत लिनक्सच होतं, पण वर मुलांसाठी वेगळीच मांडणी. ज्यांच्या घरात कधी संगणक आला नव्हता, त्या मुलांनी ते हाताळले. ‘हे अवघड असतं’ असं त्यांना आधी कुणी सांगून ठेवलेलं नव्हतं.

दुसरं उदाहरण केरळचं. तिथे शाळांसाठी आयटी ॲट स्कूल हा प्रकल्प २००१ च्या सुमारास सुरू झाला आणि पुढे शाळा मोकळ्या प्रणालीवर आल्या. आज उबुंटूवर बेतलेली त्यांची स्वतःची आवृत्ती सरकारी शाळांत चालते. त्यांनी नुसत्या सीडी वाटल्या नाहीत. आधी शिक्षकांना शिकवलं, पाठ्यपुस्तकं त्याच प्रणालीवर बेतली, आणि दहावीची संगणकाची परीक्षाही तिच्यावर घेतली. पुस्तक, परीक्षा आणि शिक्षक तिन्ही एका बाजूला असले की मुलाला वेगळं काही पटवून द्यावं लागत नाही.

तिसरं उदाहरण ऐकून इथले वकील मित्र हसतील. देशभरातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांत ई-कोर्ट प्रकल्पाखाली उबुंटू आलं. खटल्यांची नोंद ठेवणारी प्रणाली पुण्याच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रानं तयार केली, तीही मोकळ्या साधनांवर. न्यायाधीशांपासून लिपिकांपर्यंत हजारो लोकांना प्रशिक्षण दिलं गेलं. तारीख कधी आहे हे तुम्ही मोबाइलवर बघता, त्याच्या मागे ही व्यवस्था आहे. ज्या बाबूंना आपण ‘यांना नवीन काही जमत नाही’ म्हणतो, त्यांना जमलं. कारण त्यांच्या शेजारी शिकवणारं माणूस बसवलं गेलं.

हीच माझी अट. शेजारी माणूस पाहिजे. दान केलेले संगणक धूळ खात पडलेले मी बऱ्याच ठिकाणी पाहिले आहेत, त्यात विंडोजचेही होते आणि लिनक्सचेही. देणारा फोटो काढून गेला, आणि पहिल्यांदा प्रिंटर अडला त्या दिवशी विचारायला कुणी नव्हतं. प्रणाली कितीही सोपी केली तरी पहिल्या महिन्यात ‘हे असं का झालं?’ विचारायला एक ओळखीचा आवाज लागतो.

आता अडचणी. त्या लपवल्या तर तुम्ही सहा महिन्यांनी मला फोन करून ऐकवाल. विंडोजसाठी बनवलेलं प्रत्येक सॉफ्टवेअर लिनक्सवर चालत नाही. टॅलीसारखं हिशेबाचं काम आणि काही परीक्षांची तयारी यांना विंडोज लागते. म्हणून दोन यंत्रं आहेत तशीच ठेवू, मात्र त्यांची इंटरनेटची तार काढून ठेवू. कार्यालयातला प्रिंटर आणि स्कॅनर चालतो का, हे आधी पेन ड्राइव्हवरून तपासू, मगच पुढचं पाऊल. लिब्रे ऑफिसमध्ये वर्डच्या फाईल उघडतात, पण मांडणी कधीमधी हलते. बाहेर पाठवायचं पत्र पीडीएफ करून पाठवायचं, ही सवय शिक्षकांना लावावी लागेल.

एक पालक मला काल म्हणाले, “पोरांना कंपनीत जे लागतं तेच शिकवा ना.” त्यांची काळजी खरी आहे. कापूस आणि तुरीच्या भरवशावर पोराला शिकवणारा माणूस हाच प्रश्न विचारणार. माझं उत्तर असं. आठवीतली मुलगी नोकरीला लागेल त्याला आठ-दहा वर्षं आहेत. तोपर्यंत आजच्या मेनूतलं एकही बटण जागेवर नसेल. तिला तक्ता म्हणजे काय, फाईल कुठे जाते, पासवर्ड का जपायचा, आणि अडलं तर शोधायचं कसं, हे आलं पाहिजे. ज्याला दोन प्रणाली वापरता येतात त्याला तिसरी आपोआप येते. आणि आज तिच्यासमोर निवड विंडोज की लिनक्स अशी नाहीच. निवड आहे लिनक्स की बंद खोली. तिच्या घरी पडदा एकच, वडिलांचा मोबाइल, आणि तो दिवसभर वडिलांबरोबर शेतात असतो.

आणखी एक गोष्ट आपल्या गावाशी जोडलेली आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि नयी तालीमचा विचार देशापुढे आला. हाताच्या कामातून शिकणं, हा त्याचा गाभा. आपण कार्यानुभवाच्या तासाला कागदाची फुलं केली. आजच्या मुलांनी संगणक उघडून मेमरीची पट्टी बदलली, पंख्यातली धूळ काढली, स्वतः प्रणाली बसवली, तर त्यापेक्षा चांगला कार्यानुभव कुठला? बंद पेटीतल्या प्रणालीत हे जमत नाही. मोकळ्या प्रणालीत चूक झाली तरी अर्ध्या तासात पुन्हा बसवता येते. मुलांना ते करू द्या.

तर माझा प्रस्ताव असा आहे. बारापैकी दहा यंत्रांवर लिनक्सची हलकी आवृत्ती बसवू. त्यांना जुन्या हार्ड डिस्कच्या जागी नवी एसएसडी आणि गरज असेल तिथे जादा मेमरी घालू. एका नव्या संगणकाच्या पैशात अशी निदान पाच यंत्रं ताजी होतात. उरलेल्या निधीतून इन्व्हर्टर घेऊ, कारण लोडशेडिंगपुढे कुठलीच प्रणाली टिकत नाही. प्रत्येक टेबलावर एक पानाचा मराठी कागद राहील : चालू कसं करायचं, बंद कसं करायचं, मराठी कशी टंकायची, अडलं तर कुणाला फोन करायचा. आठवी-नववीतल्या सहा मुलामुलींना आपण कक्षाचे राखणदार करू. आणि आपल्यापैकी जे वर्ध्यात किंवा आसपास राहतात, त्यांतल्या चौघांनी आळीपाळीनं दर शनिवारी दोन तास यायचं. पुण्या-नागपुरातल्यांनी फोनवर उपलब्ध राहायचं. हे वर्षभर चालवायचं. वर्षानंतर मुख्याध्यापक सर म्हणाले की जमलं नाही, तर नव्या यंत्रांसाठी पहिली देणगी मी देईन.

पैसे गोळा करणं आपल्याला जमतं, ते आज सकाळच्या नाश्त्यातच दिसलं. मी तुमच्याकडे शनिवार मागतो आहे. ते जास्त महाग आहेत, हे मला ठाऊक आहे.

ठरावाच्या कागदाशेजारी मी एक कोरी वही ठेवली आहे. तिच्यात फक्त नाव आणि शनिवार लिहायचा. पहिला शनिवार माझा आहे. मी रात्रीच्या गाडीनं येईन, पेन ड्राइव्ह आणि स्क्रू ड्रायव्हर माझ्याकडे आहेत. दुसऱ्या शनिवारपासूनच्या रेघा रिकाम्या आहेत. जेवायला जाताना वहीवरून जा.